ड्रोन घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने : डोंबिवली ते बाणकोट

डोंबिवलीच्या माणसाच्या वाट्याला समुद्र येत नाही, खाडी येते. पश्चिमेला मोठागावच्या रेतीबंदरावर उभे राहिले की उल्हासचे पाणी दिसते, भरती-ओहोटी कळते, एवढेच. बाकी सारे आयुष्य लोकलच्या वेळापत्रकावर चाललेले. म्हणून आमच्याकडे कुणाची नोकरी पूर्ण झाली आणि फंडाचे चार पैसे हाती आले की घरातून पहिली फर्माईश निघते ती समुद्राची. यंदा आमच्या घरात तसा योग आला. मुलीने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. मुंबईहून निघणारे भले मोठे प्रवासी जहाज. वर पोहण्याचा तलाव, रात्री गाणीबजावणी आणि सकाळी डोळे उघडावेत तो समोर गोवा. "आयुष्यभर गाडीत उभे राहून गेलात, आता एकदा बसून जा," असे ती म्हणाली.

आम्ही उभयता तयार झालो. बरोबर आमची थोरली ताई, तिचा मुलगा म्हणजे आमचा भाचा, आमची मुलगी आणि सहा वर्षांची नात, असे सहा जणांचे ठरले. सातवा सोबती आपणहून ठरला. तो म्हणजे भाच्याचा ड्रोन.

ड्रोन म्हणजे काय हे तरुण वाचकांना सांगायला नको. परंतु आमच्या वयाच्या मंडळींसाठी सांगतो. चार पंख्यांचे, पोटाशी कॅमेरा बांधलेले, हातातल्या यंत्रावरून चालवायचे ते एक छोटे उडते यंत्र. आजकाल लग्नाच्या चित्रफितीत मांडव वरून दिसतो, जयंतीच्या मिरवणुकीत निळ्या झेंड्यांची रांग आभाळातून दिसते, ती याचीच करामत. आमचा भाचा असल्या शूटिंगची कामे घेतो. त्याच्या मनात आले की जहाज जिथे जिथे थांबेल तिथे ड्रोन उडवावा, किनारा वरून टिपावा आणि ती चित्रफीत दाखवून पुढची कामे मिळवावीत. बेत चांगला होता. परंतु त्याने तो बोलून दाखवताच ताईचा चेहरा उतरला. त्याला कारण होते.

पहिला ड्रोन गेला कसा

भाच्याने पहिला ड्रोन घेतला तो एका ओळखीच्या माणसाकडून. त्या माणसाने तो आखातातून येताना आणला होता. बाजारापेक्षा स्वस्त मिळाला म्हणून घरात सर्वांना आनंद झाला. पतपेढीचे कर्ज काढले, ताईने दोन बांगड्या गहाण ठेवल्या. पावती नव्हती, कागद नव्हता, त्यावर कसला क्रमांक नव्हता. 'उडतो ना, मग झाले' असा सगळा कारभार. एका लग्नाच्या कामासाठी तो किनाऱ्यावरच्या एका गावी गेला. तिथे ड्रोन वर जाऊन पाच मिनिटे झाली नाहीत तोच पोलीस आले आणि कागद मागू लागले. भाच्याकडे दाखवायला काहीच नव्हते. ड्रोन जप्त झाला तो झालाच. लग्नवाल्यांनी ठरलेले पैसे दिले नाहीत, आणि त्यांचे तरी काय चुकले? पतपेढीचे हप्ते मात्र दर महिन्याला चालू राहिले. नसलेल्या वस्तूचे हप्ते भरणे कसे असते, ते ज्याने भरले त्यालाच कळते.

त्या वेळी आम्ही पोलिसांना नावे ठेवली. नंतर भाच्याने स्वतः नियम मिळवून वाचले तेव्हा कळले की चूक आपलीच होती. परदेशी बनावटीचे ड्रोन देशात आणण्यास केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ पासून मनाई केली आहे. सरकारी संस्था, संशोधन, संरक्षण अशा मोजक्या कारणांसाठी त्यातून सूट मिळते, लग्नाच्या शूटिंगसाठी मिळत नाही. आपल्या समाजातली कितीतरी मुले आज दुबई, मस्कत, कतारला कामाला आहेत. येताना भावाला भेट म्हणून ड्रोन आणावा असे त्यांना वाटणे साहजिक आहे. त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

भाचा खचला नाही. त्याने 'ड्रोन नियम, २०२१' अथपासून इतिपर्यंत वाचून काढले. हे नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झाले. त्यात वजनावरून ड्रोनचे वर्ग केले आहेत. २५० ग्रॅमपर्यंत 'नॅनो', त्यापुढे २ किलोपर्यंत 'मायक्रो', मग आणखी मोठे. प्रत्येक ड्रोनची सरकारी ऑनलाईन व्यवस्थेत नोंदणी करून एक क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्याची फी आहे अवघी १०० रुपये. नॅनो चालवायला किंवा मायक्रो निव्वळ हौसेसाठी उडवायला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. परंतु मायक्रोवर पैसे कमवायचे असतील तर ते लागतेच. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घ्यावे लागते. वय १८ ते ६५ च्या दरम्यान हवे आणि शिक्षण दहावी पास.

दहावी पास! हे वाचून भाच्याने आम्हाला रात्री दहा वाजता फोन केला होता. "मामा, इंजिनिअर लागत नाही. दहावी चालते." पूर्वी या कामात पासपोर्ट मागत असत. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा वाहन परवाना चालू लागला. ज्याच्या घरात पासपोर्ट कुणी कधी पाहिलेला नाही, त्याला या एका ओळीचे मोल कळेल.

प्रशिक्षणाची फी मात्र भारी होती. आम्ही थोडे घातले, त्याने थोडे जमवले. प्रमाणपत्र झाले, ते १० वर्षे चालते. मग त्याने भारतीय बनावटीचा, सरकारने तपासून मान्य केलेल्या प्रकारातला मायक्रो ड्रोन हप्त्यावर घेतला. नोंदणी केली, दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा विमा उतरवला आणि सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ड्रोनच्या पेटीतच ठेवले. तरीही ताईला धास्ती होतीच. एकदा हात पोळलेला.

जहाजाचे थांबे नकाशावर

जहाजाची तिकिटे काढण्याआधी भाच्याने एक काम केले, ते आम्हाला फार आवडले. सरकारने २४ सप्टेंबर २०२१ रोजी देशाच्या आकाशाचा एक नकाशा खुला केला आहे. 'डिजिटल स्काय' या नावाने तो इंटरनेटवर कुणालाही पाहता येतो. त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत, वेगळी परवानगी न घेता उडवता येते. पिवळ्या भागात त्या भागाच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीखेरीज बातच नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत हिरवा रंग मिळतच नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये तो मिळाला तरी २०० फुटांपर्यंतच.

भाचा आमच्या खोलीत जमिनीवर बसला आणि मोबाईलवर तो नकाशा उघडून एकेक बंदर सांगू लागला.

"मामी, हे बघा. जहाज सुटते बॅलार्ड पिअरहून." तिथले नवे क्रूझ टर्मिनल २०२५ साली सुरू झाले. परंतु त्याच्या शेजारीच नौदलाची गोदी आहे. तिथे ड्रोन काढणेच नको. गोव्यात जहाज लागते मुरगाव बंदरात. जवळच दाबोळी विमानतळ आणि तो आहे नौदलाच्या 'हंसा' तळावर. हीच जहाजे पुढे कोचीलाही जातात. तिथला धक्का विलिंग्डन बेटावर आहे आणि त्याच बेटावर नौदलाचा 'गरुडा' हा विमानतळ आहे. लक्षद्वीपमध्ये अगत्ती घ्या. बेटाची लांबी आठ किलोमीटरसुद्धा नाही आणि एका टोकाला धावपट्टी. म्हणजे बेटावर कुठेही उभे राहिले तरी विमानतळाच्या आठ किलोमीटरच्या आतच. शिवाय लक्षद्वीपला पाय ठेवायलाच आधी प्रवेश परवाना लागतो.

आम्ही थक्क झालो. मोठे जहाज मोठ्याच बंदराला लागणार. मोठे बंदर म्हणजे शेजारी नौदल, विमानतळ, तेलाच्या टाक्या. चार थांबे, आणि चारांपैकी एकाही ठिकाणी पेटी उघडायची सोय नाही. जहाजाच्या डेकवरून उडवले तर? मुलीने विचारले. भाचा हसला. ड्रोनला 'घरी ये' असे बटण असते. ते दाबले की तो जिथून उडाला त्या जागी परत येतो. जहाज तोवर पुढे गेलेले. ड्रोन बिचारा आज्ञाधारकपणे येऊन समुद्रात उतरणार! त्यात जहाजाच्या पोलादामुळे त्याचे होकायंत्रही बावरते. शिवाय जहाजावर काय न्यायला मनाई आहे याची यादी तिकिटाबरोबर असते. ती न वाचता ड्रोन नेला तर सामान तपासतानाच तो अडकून पडायचा.

मग तिकिटांचा हिशेब मांडला. सहा माणसांचा आकडा पाहून आम्ही उभयतांनी एकमेकांकडे पाहिले. त्या वेळी ताई बोलली. "आपले आबा बोटीनेच मुंबईला आले ना? बंदराबंदराला थांबत? मग आपण तसेच जाऊ. छोट्या बोटींनी. उतरत, चढत."

ताईचे म्हणणे खरे होते. एके काळी मुंबईहून सुटणारी कोकणबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी असे थांबे घेत खाली जात असे. आमच्या मागच्या पिढीतली किती माणसे त्या बोटीने गिरणीत कामाला आली! पुढे रस्ते झाले, बोटी बंद पडल्या, १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. परंतु खाड्या कुठे गेल्या आहेत? त्या ओलांडायला आजही फेरीबोटी आहेत. त्या जोडत गेले तर गरिबाचा क्रूझच होतो. आमचा बेत ठरला: भाऊचा धक्का, मांडवा, मुरूड, आगरदांडा, दिघी, बागमांडला आणि खाडी ओलांडून बाणकोट. मंडणगड तालुका, जिथे बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे, तोच आमचाही मुलूख.

भाऊचा धक्का ते राजपुरी

डोंबिवलीहून पहाटेची गाडी धरली, कुर्ल्याला बदलून हार्बरने डॉकयार्ड रोडला उतरलो आणि भाऊच्या धक्क्यावर आलो. मासळीचा वास, बर्फाचे गाडे, टोपल्यांची धावपळ. इथून मांडव्याला रो-रो बोट जाते. मार्च २०२० पासून ती चालू आहे. पोटात मोटारगाड्या आणि वर माणसे. तासाभरात पलीकडे. नातीने एवढे पाणी पहिल्यांदाच पाहिले. "आजी, याला पलीकडची बाजू नाही का?" असे तिने विचारले तेव्हा बाजूचे दोघे-तिघे हसले.

भाच्याच्या हाताला मात्र खाज सुटली होती. मागे मुंबईच्या इमारती, गोदीतल्या याऱ्या, नांगरलेली जहाजे. वरून काय दिसले असते! परंतु त्याने पेटीचे कुलूप काढले नाही. बंदर, गोदी, नौदल ही सगळी वर्ज्य ठिकाणे. त्यात मुंबई पोलीस वेळोवेळी शहरात ड्रोन, पॅराग्लायडर वगैरे उडवण्यास मनाईचे आदेश काढतात. नकाशात रंग काहीही असो, असा आदेश लागू असला की तो पाळावाच लागतो. राज्य सरकार किंवा पोलीस एखाद्या जागी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल विभागही करू शकतात. म्हणून काल पाहिलेला नकाशा आज चालत नाही. उडवायच्या आधी, त्याच दिवशी, पुन्हा पाहायचा.

मांडव्याहून अलिबाग आणि अलिबागहून एसटीने मुरूड. २०२३ पासून बायकांना एसटीचे अर्धे तिकीट आहे. आमच्यात बायकाच जास्त, म्हणून प्रवास स्वस्तात झाला. ताई खिडकीशी बसली होती. रेवदंड्याची खाडी आली, नारळी-पोफळीच्या बागा सुरू झाल्या, तसतशी ती बोलकी होत गेली.

मुरूडला घरगुती खाणावळीत मुक्काम केला आणि सकाळी राजपुरीला गेलो. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. शीड भरले की इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, फक्त पाण्याची चुळचुळ. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधी घेता आला नाही हे शाळेत वाचले होते. भिंतीखाली होडी गेल्यावर ते का, हे आपोआप कळते. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही.

भाच्याला तो दरवाजा वरून हवा होता. परंतु जंजिरा हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित स्मारक आहे. अशा ठिकाणी ड्रोनने चित्रण करायचे तर त्या खात्याची परवानगी आधी काढावी लागते. आकाश हिरवे असले तरी स्मारकाचा मालक वेगळा. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग या जलदुर्गांनाही हेच लागू. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात हे तिन्ही आणि अलिबागजवळचा खांदेरी आहे. तिथे आता गर्दी वाढेल आणि हौशी ड्रोनवालेही वाढतील.

आमच्याच होडीत एक तरुण होता. त्याच्याकडे छोटा ड्रोन होता आणि तो उडवायच्या तयारीत होता. भाच्याने त्याला बाजूला घेऊन सगळे समजावले. तो म्हणाला, "एवढासा तर आहे, कोण बघतंय?" भाच्याने त्याला काय सांगितले ते आम्ही ऐकले. "दादा, माझा पण कुणी बघत नव्हतं. अजून हप्ते भरतोय मी." त्या मुलाने ड्रोन पिशवीत परत ठेवला. त्या क्षणी ताईने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर प्रवासखर्चात बसवता येणार नाही.

खाडीपलीकडे

आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी. तिथून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याला आलो. इथे सावित्री नदी समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. बागमांडला ते वेसवी ही फेरीबोट म्हणजे थोड्या मिनिटांचा प्रवास. परंतु ताई कठड्याला धरून उभी राहिली ती बोट लागेपर्यंत हलली नाही.

पलीकडे, मंडणगड तालुक्यातल्या एका लहानशा गावात, आमचे दूरचे नातलग राहतात. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे घडले ते कोणत्याही गावात घडू शकेल. नातलगांकडे पोहोचताच भाच्याने नकाशा उघडला. तो भाग हिरवा होता. आजवर सगळ्या प्रवासात पेटी बंद ठेवली होती, आता उघडायला हरकत नव्हती. तरी त्याने लगेच उघडली नाही. आधी पोलीस ठाण्यात कागदांच्या प्रतींसह कळवले, मग पोलीस पाटलांना भेटला, मग पुळणीवर मासळी वाळत घालणाऱ्या बायकांकडे गेला.

आम्हाला त्या बायकांचे काही सुचले नसते. परंतु भाचा म्हणाला, आकाश सरकारचे असले तरी खाली माणसे असतात. कुणी पदर खोचून काम करत असते, कुणाच्या परसात आंघोळीचा आडोसा असतो. विचारले पाहिजे. त्यातल्या एका वयस्क बाईंनी स्पष्ट सांगितले, "आमच्या अंगावरनं नको नेऊ बाबा. ते तिकडे खाडीच्या तोंडाकडे ने." भाच्याने मान डोलावली आणि यंत्र दोनशे पावले लांब नेऊन मांडले. मांडण्याआधी आणखी एक चौकशी केली. बाणकोटजवळच्या वेळासला समुद्री कासवे अंडी घालायला येतात हे आता सर्वांना ठाऊक आहे. हिवाळ्यात त्यांचा हंगाम असतो आणि कायद्याने त्यांना पूर्ण संरक्षण आहे. या पुळणीवरही कुठे घरटी राखलेली नाहीत ना, हे त्याने विचारून घेतले. कुरव पक्ष्यांचा मोठा थवा बसला होता तिथून दुसऱ्या बाजूला गेला. पक्षी घाबरतात, आणि घारी-गरुड चिडले तर ड्रोनवर झडपही घालतात.

पोलीस पाटील आलेच. त्यांनी सगळे कागद पाहिले. नोंदणीचे पान हातात घेऊन, चष्मा वर करून, ड्रोनवर लिहिलेला क्रमांक एकेक आकडा जुळवून पाहिला. भाचा ताठ उभा होता. ताई पाठीमागे नातीचा हात घट्ट धरून. सगळे आकडे जुळले. पाटील म्हणाले, "बरोबर आहे. उडवा." एवढे दोन शब्द. परंतु ते ऐकायला आमच्या घराने तीन वर्षे वाट पाहिली होती.

ड्रोन उडाला. आधी मधमाश्यांसारखा आवाज, मग तोही कमी होत गेला. समुद्रावरचा वारा वर गेल्यावर फार वाढतो, म्हणून परवानगी ४०० फुटांची असली तरी भाचा दोनशेच्या वर गेला नाही. नजरेआड होऊ दिला नाही आणि बॅटरी तिसऱ्या हिश्श्यावर आली की परत आणायचा हे आधीच ठरवले होते. आम्ही सगळे त्या छोट्या पडद्याभोवती जमलो. गावातली पोरे, दोन-चार बायका आणि एक म्हातारे दर्यावर्दी.

पडद्यावर खाडीचे तोंड दिसले. हिरवे पाणी, निळे पाणी आणि मधोमध पाण्याखालून सरकलेला वाळूचा दांडा. तो पिवळसर पट्टा पाहून ते म्हातारे पुढे वाकले. "थांब. तिथंच थांबव." दोन वर्षांपासून होड्या त्या बाजूला घासत होत्या. दांडा सरकलाय हे सर्वांना ठाऊक होते, कुठवर सरकलाय हे नेमके कळत नव्हते. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून पाण्याची खोल वाट दाखवली आणि मुलाला म्हणाले, "हे बघ, मी म्हणत होतो तसंच. आता इकडून काढायची." भाच्याने ते चित्र तिथल्या तिथे त्यांच्या मुलाच्या मोबाईलवर पाठवले. पैसे विचारले तर नको म्हणाला.

मग ताई म्हणाली, "मला ती वाट दाखव." कोणती वाट हे भाच्याला कळेना. आम्हाला कळले. आमच्या वाडीतून टेकडीच्या कडेने बंदराकडे येणारी पायवाट. आमचे वडील गणपतीच्या, शिमग्याच्या सुट्टीला येत आणि सुट्टी संपली की याच वाटेने, डोक्यावर पेटी घेऊन, पडावात बसायला जात. पडाव बाहेर उभ्या असलेल्या बोटीपर्यंत नेई. ताई तेव्हा आठ-नऊ वर्षांची. ती त्यांच्यामागे पाण्यापर्यंत धावत येई. भाच्याने ड्रोन घरांवरून न नेता कडेने वळवला. पडद्यावर झाडी, मध्ये लाल मातीची एक बारीक रेघ, कुठे तुटलेली, कुठे नव्या रस्त्याखाली गेलेली, परंतु अखेर पाण्यापर्यंत पोहोचलेली. ताईने ती रेघ बोटाने शेवटपर्यंत गिरवली. काही बोलली नाही. पुळणीकडे पाठ करून थोडा वेळ उभी राहिली, एवढेच.

अठरा मिनिटांनी ड्रोन खाली आला. भाच्याने मऊ फडक्याने तो पुसला, कारण खारी हवा यंत्राच्या सांध्यात बसली की गंज धरते. पेटी बंद केली, कागदाची पिशवी वर ठेवली.

घरी आल्यावर

परतीचा प्रवास मंडणगडहून एसटीने केला. चार दिवसांत आमचा खर्च मोठ्या जहाजाच्या तिकिटांच्या पासंगालाही पुरला नसता. मोठे जहाज वाईट असे आमचे म्हणणे नाही. ज्याला परवडते त्याने जरूर जावे, गोवा पाहावा, आनंद करावा. परंतु ड्रोन उडवायच्या आशेने जाऊ नये, आणि पाण्यावर पैसे टाकण्याआधी नकाशा पाहावा.

आपल्या मुलांना हे काम शिकावेसे वाटत असेल तर त्यांना अडवू नये, असे आम्हाला आता वाटते. शेतात औषधफवारणीला, जमिनीच्या मोजणीला, लग्नकार्याला ड्रोन लागतात. दहावी पास मुलगा किंवा मुलगी हे शिकू शकते. मात्र वस्तू घेण्याआधी पाच गोष्टी विचारा. पावती आहे का? प्रकाराला सरकारी मान्यता आहे का? नोंदणीचा क्रमांक मिळेल का? पैशाचे काम करायचे तर चालकाचे प्रमाणपत्र आहे का? आणि विमा उतरवला का? यातली एक जरी 'नाही' आली तरी स्वस्तातला सौदा सोडून द्या. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एक लाखात आपल्याकडे एखाद्या मुलीचे शिक्षण होते.

नियम आपल्याला अडवण्यासाठीच असतात असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो. कदाचित अनुभवच तसे आले असतील. परंतु त्या दिवशी पुळणीवर पोलीस पाटलांनी आकडे जुळवले तेव्हा भाच्याला कुणाची ओळख सांगावी लागली नाही, कुणाला फोन लावावा लागला नाही, हात जोडावे लागले नाहीत. हातात कागद होता, तोच बोलला.

त्या चित्रफितीमुळे भाच्याला लग्नाची दोन कामे मिळाली आहेत. आलेल्या आगाऊ रकमेतून त्याने ताईची एक बांगडी सोडवून आणली. दुसरी अजून गहाण आहे, आणि पहिल्या ड्रोनचे तीन हप्ते बाकी आहेत. दिवाळीपर्यंत फिटतील असा त्याचा हिशेब आहे.